सख्ख्या भावांनी केलेली जखम आणि क्षमेची घाई: मुंबईतल्या एका मंडळीतलं प्रकरण

हे प्रकरण एका निवृत्त परिचारिकेचं आहे. वय पासष्टीच्या पुढे, लग्न केलेलं नाही, मूळ गाव नगर जिल्ह्यात, हयात गेली भायखळ्याच्या एका चाळीत. पाठचे दोघे भाऊ त्यांना अक्का म्हणतात, म्हणून मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, आम्ही सगळेच अक्का म्हणतो. इथंही तेच म्हणते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि मंडळीचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. मी महिला मंडळातर्फे घरोघरी भेटींचं काम करते. बहुतेक गोष्टी माझ्यासमोर घडल्या, उरलेल्या अक्कांनी सांगितल्या.

लिहायला बसले त्याला कारण आहे. दुखावलेल्या माणसाच्या हातात आपण फार लवकर बायबलातलं क्षमेचं वचन देतो. त्या वचनाच्या मागेपुढे काय लिहिलंय ते वाचत नाही. अक्का सावरल्या त्या, मला खात्री आहे, त्या न वाचलेल्या ओळींमुळे.

घरात काय झालं

वडील गोदीत कामाला होते, ते अचानक गेले तेव्हा अक्का नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होत्या. शिकून महापालिकेच्या रुग्णालयात लागल्या आणि पहिल्या पगारापासून घर त्यांनी ओढलं. एका भावाचं आयटीआय, दुसऱ्याचं बी.कॉम., दोघांची लग्नं, पुढे आईचं डायलिसिस. स्थळं येत होती. 'आधी धाकट्याचं मार्गी लागू दे' म्हणत त्या ती परत पाठवत राहिल्या. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पैशांतला मोठा भाग थोरल्या भावाच्या मुलीच्या लग्नात आणि आईच्या आजारपणात गेला. याबद्दल त्यांची आजही तक्रार नाही. ते मी प्रेमानं केलं, असं त्या म्हणतात.

आई २०१९ मध्ये वारली. खोली पागडीची, भाडेपावती आईच्या नावावर. चाळीच्या पुनर्विकासाची बोलणी चालू होती. एका संध्याकाळी थोरला स्टॅम्पपेपर घेऊन आला. "अक्का, नुसती फॉर्मॅलिटी आहे. एकाच्या नावावर असलं की बिल्डरकडे खेटे कमी पडतात." अक्कांनी ना हरकतीवर सही केली. २०२१ मध्ये चाळ रिकामी करायची वेळ आली तेव्हा त्यांना कळलं की नव्या घराच्या करारात त्यांचं नाव कुठेच नाही. बिल्डर देतो ते दरमहाचं भाडं थोरल्याच्या खात्यात जाणार होतं आणि धाकट्याला त्याच्या वाट्याची रोख रक्कम ठरली होती. थोरला म्हणाला, "तुला पेन्शन आहे, तू एकटी आहेस. बदलापूरला बघ, तिकडं स्वस्तात मिळतं."

त्या बदलापूरला गेल्या. दर रविवारी पहाटे उठून लोकलनं भायखळ्याला उपासनेला यायच्या, आणि पुढच्या बाकावर थोरला भाऊ बसलेला असायचा. तो मंडळीच्या कमिटीवर होता.

मंडळीत काय झालं

बातमी लपून राहिली नाही. अक्कांच्या पाठीशी उभं राहायची वेळ आली तेव्हा लोकांनी त्यांना शास्त्रातली वचनं ऐकवली. 'सात वेळा नव्हे, सत्तर वेळा सात क्षमा करा.' 'कडूपणाचं मूळ वाढू देऊ नका.' 'क्षमा केली नाही तर तुमची प्रार्थना वर कशी जाईल?' एका घरगुती प्रार्थना सभेत तर एका बाईंनी उभं राहून साक्ष दिली की त्यांच्या दिरानं शेत बळकावलं तरी त्यांनी हसत सोडून दिलं, आणि प्रभूनं दुप्पट दिलं. सगळ्यांनी आमेन म्हटलं. अक्कांनीही म्हटलं. घरी जाऊन त्या रात्रभर जाग्या राहिल्या.

कुणी त्यांना आरोग्य सभेला नेलं, जिथं आजार बरे व्हावेत म्हणून प्रार्थना करतात. तिथं प्रवचनकारांनी झोपेच्या गोळ्या म्हणजे अविश्वास, असं ठणकावलं. पस्तीस वर्षांहून जास्त वॉर्डात काढलेल्या बाईला हे ऐकावं लागलं. त्यांचा रक्तदाब चढलेला होता, वजन उतरत होतं, आणि पहाटे तीनला जाग आली की पुन्हा डोळा लागत नव्हता. उदासीनतेची ही लक्षणं त्यांनी दुसऱ्या कुणात पाहिली असती तर लगेच ओळखली असती.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षरस घ्यायचा विधी. अक्का त्याला उठेनाशा झाल्या. डोंगरावरच्या प्रवचनात येशूनं म्हटलंय की वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाचं काही आठवलं तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. अक्कांनी ते स्वतःला लावून घेतलं. मनात राग आहे, मग भाकरीला हात कसा लावायचा? त्या बसून राहायच्या आणि थोरला भाऊ रांगेत पुढे असायचा.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय अक्का कळत नाहीत. त्यांच्या पणजीला १८९७ च्या दुष्काळात केडगावच्या मुक्ती आश्रमात आणलं होतं, पंडिता रमाबाईंच्या हाताखाली. लहान वय, अंगावर चिंधी, आईबाप उपासमारीनं गेलेले. ही कथा त्यांच्या घरी दर नाताळाला सांगितली जाते आणि तिचा शेवट नेहमी एकच: देवानं आपल्याला मरणातून उचललं, आता तक्रार करायचा आपल्याला हक्क नाही. अक्का या वाक्यावर वाढल्या. कृतज्ञता त्यांच्या घरात इतकी पक्की होती की दुःखाला बोलायला जागाच उरली नव्हती.

नवे पाळकसाहेब

२०२२ मध्ये आमच्या मंडळीत नवे पाळकसाहेब, म्हणजे धर्मगुरू, बदलून आले. प्रभुभोजनाला कोण येतं हे सगळे बघतात, त्यांनी कोण येत नाही ते पाहिलं. मला विचारलं, मी सांगितलं, आणि आम्ही दोघं बदलापूरला गेलो.

पहिल्या भेटीत त्यांनी प्रार्थनेला घाई केली नाही. "अक्का, काय काय झालं ते सालवार सांगा," एवढंच म्हणाले आणि वही उघडली. अक्का आधी 'जाऊ द्या हो साहेब' म्हणत राहिल्या. मग कपाटातून पासबुकं निघाली, डायलिसिसची बिलं निघाली, आईच्या नावाच्या भाडेपावत्या निघाल्या. त्यांतल्या बऱ्याच अक्कांनी आपल्या पगारातून भरलेल्या. दुपार गेली. त्यांच्या तोंडून पहिल्यांदा, हळू आवाजात, "त्यांनी मला फसवलं" हे शब्द आले. पाळकसाहेबांनी ते तसेच वहीत लिहिले आणि "हो" म्हणाले. त्या 'हो'पाशी अक्का जशा रडल्या तशा आईच्या दफनालाही रडल्या नव्हत्या.

बायबलातल्या, सर्वस्व गमावलेल्या योबाचे मित्र पुढे किती चुकले ते आपण प्रवचनांत ऐकतो. पण सुरुवातीचे सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्यापाशी जमिनीवर मुकाट्यानं बसले होते, हेही त्याच पुस्तकात आहे. तेवढा भाग त्यांना बरोबर जमला होता.

मग पाळकसाहेबांनी बायबलातलं ५५ वं स्तोत्र काढलं. 'आपला भार परमेश्वरावर टाक' हे त्यातलं बाविसावं वचन अक्कांना पाठ होतं. त्यांच्या वॉर्डातल्या ड्युटी रूममध्ये ते कॅलेंडरवर होतं. साहेब बारावीपासून वाचू लागले. स्तोत्रकर्ता म्हणतो की शत्रूनं निंदा केली असती तर मी सोसली असती, वैऱ्यापासून लपलो असतो. पण हा तर तू, माझ्या बरोबरीचा, माझा जिवलग, ज्याच्याबरोबर मी देवाच्या घरी जात होतो. पुढच्याच वचनात तो अशा लोकांना मरण येवो असं म्हणतो. अक्का थबकल्या. "हे शास्त्रात आहे? आणि मी रोज वाचते?"

मला वाटतं, त्या दिवशी अक्कांच्या बरं होण्याला सुरुवात झाली. भार टाकायला सांगणारं वचन त्यांना आधीपासून माहीत होतं. भार किती जड आहे ते मोठ्यानं सांगायची मुभा मात्र त्यांना कुणी दिली नव्हती. दीडशे स्तोत्रांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक स्तोत्रं विलापाची आहेत. ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळही नाही. आपल्या उपासनेत यांतली किती म्हटली जातात ते प्रत्येकानं आपापल्या मंडळीत बघावं. रमाबाईंचंच घ्या. आईवडील आणि बहीण उपासमारीच्या दिवसांत गेले, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा, १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा. इतकं सोसलेल्या बाईच्या नावावर आपण 'तक्रार करू नका' असा धडा चालवतो, हे मला पटत नाही.

पाळकसाहेबांनी अक्कांना सांगितलं की रोज एक स्तोत्र वाचा आणि त्याखाली आपली तक्रार लिहा, देवाला उद्देशून, सभ्य भाषेची काळजी न करता. काही पानं त्यांनी मला दाखवली आहेत. त्यांतलं इथं काही देणार नाही.

वेदीपाशी कोणी थांबायचं?

प्रभुभोजनाचा प्रश्न साहेबांनी वेगळा घेतला. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या अध्यायातलं ते वचन नीट वाचायला लावलं. तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर, असं तिथं आहे. म्हणजे ज्याच्या हातून अन्याय झालाय त्यानं वेदीपाशी थांबायचं आणि उठून जायचं. अक्कांच्या हातून भावांवर कोणता अन्याय झाला होता? वर्षभर चुकीचा माणूस मागच्या बाकावर बसून होता.

योसेफाचंही असंच. 'योसेफासारखी क्षमा करा' हे अक्कांनी किती जणांकडून ऐकलं असेल! सतराव्या वर्षी भावांनी वीस रुप्याच्या नाण्यांना विकलेला तो मुलगा, पंचेचाळिसाव्या अध्यायात त्यांच्या गळ्यात पडून रडतो, एवढंच आपल्याला आठवतं. त्याआधीचे तीन अध्याय? भाऊ पहिल्यांदा मिसरात येतात तेव्हा तो ओळख देत नाही. तीन दिवस त्यांना कैदेत ठेवतो. आडोशाला जाऊन रडतो, तोंड धुऊन परत येतो, पुन्हा परीक्षा घेतो. धाकट्या बन्यामिनाच्या जागी मी गुलाम राहतो असं भावांपैकी यहूदा म्हणतो तेव्हाच त्याचा बांध फुटतो. मधे बावीसेक वर्षं गेली आहेत, आणि भाऊ बदललेत याची त्यानं खात्री करून घेतली आहे.

अक्कांनी यावर आपल्या कामातलं उदाहरण दिलं आणि ते आता आमच्या भेटींच्या गटात सगळ्यांना पाठ आहे. पू झालेली जखम वरून शिवून टाकली की बघायला छान दिसते, पण आत पुन्हा पू धरतो आणि ताप चढतो. ती उघडी ठेवावी लागते, रोज धुवावी लागते, गॉज भरावा लागतो, मग ती तळापासून भरत येते. "ड्रेसिंगच्या वेळी पेशंट ओरडतो," त्या म्हणाल्या, "म्हणून काय आम्ही टाके घालून मोकळ्या होतो का?"

त्या मानसोपचाराच्या ओपीडीत जायलाही तयार झाल्या. बायबलातला हिज्कीया राजा मरणाला टेकला होता, त्यानं प्रार्थना केली आणि देवानं पंधरा वर्षं वाढवून दिली. पण त्याच्या गळवावर अंजिराचं पोटीस बांधायलाही यशया संदेष्ट्यानंच सांगितलं. गोळ्या सुरू झाल्यावर काही आठवड्यांत झोप आली. झोप आली तशी प्रार्थनाही आली, हा क्रम अक्कांनी स्वतः सांगितला. ज्यांना रुग्णालयापर्यंत जाणं जड वाटतं त्यांना आता मी टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक देते. मराठीत बोलता येतं.

भावांकडे जाणं

हा सगळ्यात अवघड भाग होता आणि इथं पाळकसाहेबांना किंमत मोजावी लागली. 'सत्तर वेळा सात' मत्तयाच्या अठराव्या अध्यायात बाविसाव्या वचनात येतं. त्याच अध्यायात पंधरा ते सतरा या वचनांत येशू रीत घालून देतो: भावानं अपराध केला तर एकांतात सांग, ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर ने, तरीही ऐकलं नाही तर मंडळीला कळव. अक्कांनी एकटीनं फोनवर सांगून झालं होतं. आता साहेब आणि एक वडीलधारे पंच त्यांच्याबरोबर थोरल्याच्या घरी गेले.

थोरला म्हणाला, "सही तिनं केलीय. मी काही अंगठा धरून घेतला नाही." आणि साहेबांना म्हणाला, "तुम्ही उपासना घ्या. घरच्या भानगडीत पडू नका." पुढचे काही महिने कमिटीत साहेबांविरुद्ध कुजबूज चालली. दोन घरांनी मंडळीत येणं बंद केलं. पाळक गरम डोक्याचे आहेत, बदली मागावी, असंही बोललं गेलं. ते डगमगले नाहीत याचा मला अभिमान आहे. प्रार्थना सभांतून अक्कांना उपदेश करणारं कुणीही त्या घरी गेलं नव्हतं.

धाकट्याचं वेगळं झालं. तो तेव्हा गप्प राहिला, पण पुढच्या आठवड्यात त्याची बायको एकटीच बदलापूरला आली. "वन्सं, तुमच्या भावाला रात्री झोप नाही. पैसे घेतलेत हे त्यालाच खातंय." त्यानंतर धाकट्यानं घेतलेल्या रकमेतला भाग हप्त्याहप्त्यानं अक्कांना परत द्यायला सुरुवात केली आणि थोरल्याविरुद्ध लेखी जबाब द्यायचंही कबूल केलं. जक्कय या जकातदारानं येशूला घरी घेतलं तेव्हा ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत देतो म्हणाला होता. धाकट्यानं चौपट दिलं नाही, पण त्या दिशेनं पाऊल टाकलं.

कायद्याची बाजूही साहेबांनीच काढली, आणि काहींना ती खटकली. ख्रिस्ती माणूस कोर्टात कशाला, असं विचारलं गेलं. ख्रिस्ती कुटुंबात मृत्युपत्र नसेल तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानं मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा असतो. भाड्याच्या खोलीचं निराळं आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात, भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जातो आणि घरच्यांत एकमत नसेल तर न्यायालय ठरवतं. अक्का आईसोबतच राहत होत्या. पण ना हरकतीवरची सही आडवी येत होती, हे वकीलबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेविषयक मदत मिळते. त्या मदतीनं धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयात अर्ज गेला. अर्जावर सही करताना अक्कांचा हात थरथरत होता. माझ्या भावावर केस, हे त्या दोनदा म्हणाल्या.

शुभ शुक्रवार

२०२४ च्या शुभ शुक्रवारी (गुड फ्रायडे), २९ मार्चला, दुपारी बारा ते तीनच्या उपासनेत येशूच्या वधस्तंभावरच्या सात शब्दांवर, म्हणजे उद्गारांवर, सात जणांनी बोलायचं होतं. महिला मंडळातून अक्कांचं नाव गेलं. एकीनं सुचवलं की त्यांनी पहिला शब्द घ्यावा: हे बापा, त्यांना क्षमा कर. अक्कांनी चौथा मागितला. माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?

त्या फार थोडं बोलल्या. हे २२ व्या स्तोत्राचं पहिलं वाक्य आहे, येशूनं विलाप लहानपणापासून पाठ केलेला होता म्हणून तो त्या घटकेला ओठांवर आला, असं काहीसं. आणि मग, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, त्या पहिल्या शब्दाकडे वळल्या. म्हणाल्या, "येशूनं खिळे ठोकणाऱ्यांना 'मी तुम्हाला क्षमा करतो' असं म्हटल्याचं इथं नाही. तो बापाला म्हणाला, तू कर. माझ्यानं अजून होत नाही. पण बापाला एवढं म्हणायला मी शिकलेय." थोरला भाऊ सभेत होता. तो उठून गेला नाही.

दोन दिवसांनी, पुनरुत्थानाच्या रविवारी (ईस्टर), अक्का प्रभुभोजनाला उठल्या.

ही सुटकेची सरळ गोष्ट नाही. त्यानंतरही त्यांना वाईट आठवडे आले. चाळीच्या जागी नव्या इमारतीचं काम सुरू झालेलं पाहून त्या एका रविवारी मंडळीत न येताच परत फिरल्या होत्या. पुनरुत्थित येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते आणि शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला त्यानं तेच दाखवले, हे मी तेव्हा त्यांना म्हटलं नाही. ते त्यांना माहीत होतं. मी चहा टाकला.

आज

थोरला भाऊ पुढच्या निवडणुकीत कमिटीसाठी उभा राहिला नाही. का, ते त्यानं सांगितलं नाही. तो आणि अक्का एकमेकांना सलाम करतात, बोलणं नाही. अर्ज न्यायालयात आहे. तारखा पडतात, अक्का जातात, धाकट्याची बायको सोबत असते. साहेबांची बदली झालेली नाही. आमच्या मंडळीत आता एक गोष्ट बदलली आहे: घरच्या कुठल्याही कागदावर सही करण्याआधी बायका आमच्या गटातल्या वकीलबाईंना विचारतात, आणि महिन्यातून एका उपासनेत विलापाचं एक स्तोत्र पूर्ण, मधलं काही न गाळता, वाचलं जातं. पहिल्यांदा ते वाचलं गेलं तेव्हा एका म्हाताऱ्या बाबांनी बाहेर पडताना साहेबांचा हात बराच वेळ धरून ठेवला होता.

हा मजकूर अक्कांनी वाचला आणि एक भर घालायला सांगितली. धाकट्याच्या मुलीनं या वर्षी नर्सिंगला प्रवेश घेतला. पहिल्या वर्षाची फी तिच्या आत्यानं भरली, आणि पावती स्वतःच्या नावानं घेतली.